स्टेरिंग थरथरतं म्हणून

१२ नोव्हें., सोम.
हनीफ मिस्त्री म्हणला, "भाभी, आवाज कब आता, लिख के रखो. भाई रोज अलग बताते." म्हणून ही वही. नाय तर चौथीत शाळा सुटलेलीला लिहायचं कशाचं कौतुक.
ह्यांची टॅक्सी. बावीस वर्षं पाहुणे घेऊन लेणीला जातात. आता म्हणतात स्टेरिंग थरथरतं, वळताना कटकटतं.
क्रांती चौकात उजवीकडं वळताना वाजलं. दोनदा.

१४, बुध.
फर्दापूरपर्यंत मी ह्यांच्या शेजारी बसून गेले. कटकट फक्त वळणाला. थरथर काय मला जाणवली नाय. हे म्हणले, "तुला नाय कळायची. हातात लागते ती."
मी म्हणलं, मग हातच सोडा की गॅरेजला.
हसले.

१६, शुक्र.
मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हर गाडीखाली टेकवला, मूठ कानाला. ह्यांनी स्टेरिंग डावं-उजवं फिरवलं. "मिल गया!" पुढच्या चाकाजवळचा जोड झिजलेला. बदलला. कटकट बंद. गाडीपुढं नारळ फोडला.

१७, शनि.
थरथर हायेच म्हणतात. चाकं बॅलन्स केली. हायेच. पुढचे टायर मागं घातले. हायेच. मी मिस्त्रीवर ओरडले, काम येत नसेल तर तसं सांग. लई उलटून बोलणारा माणूस, ह्यांचा जुना दोस्त. आज नुसता पाना पुसत बसला.

१९, सोम.
जालना रोडला मिस्त्रीनं स्वतः चालवली. मी शेजारी, हे मागं. त्यानं दोन्ही हात सोडले. गाडी सरळ, स्टेरिंग गप्प. मागून हे म्हणले, "तुला भिते ती." "हां भाई, मेरे से डरती." मग गाडी बाजूला घेतली. "भाभी, अब भाई चलाएंगे. आप हाथ रख के देखो." स्वतः उतरून रस्त्याकडेला थांबला. चल म्हणलं तर आला नाय.
हे चालवत होते. मी स्टेरिंगवर हात ठेवला. काय नाय.
मग ह्यांच्या हातावर ठेवला.
पुढं लिहवत नाय.

२०, मंगळ.
ह्यांना चहा बशीत ओतताना बघितलं, सांडला. आज पहिल्यांदा नाय. दिवाळीत बी सांडला होता, तवा मी सगळ्यांसमोर ओरडले, हाताला काय झालं म्हणून.
डॉक्टरकडं चला म्हणायचं. तोंड उघडलं की दूध आणा म्हणते. जन्मभर कुणाला तोंडावर बोलायला भ्याले नाय मी.

२१, बुध.
फोन आला. उद्या लेणीची फेरी. चौघं, त्यात दोन लेकरं. हे खूष. गाडी धुतली.
मिस्त्रीकडं गेले, तू सांग म्हणलं. तो म्हणला, "मैं बोलूं तो गाडी बेच देंगे, भाभी. और घर में बैठ के मर जाएंगे. आप बोलो."

२२, गुरु. सकाळ
चावी माझ्या कनवटीला. हे तासभर शोधतात. मला दोनदा विचारलं. मला काय माहीत म्हणलं.
आता बाहेरून हाक मारतात. "अगं, ती वही आण. काय काय लिहिलंस बघू तरी. मिस्त्रीला नीट सांगतो."
ह्यांना वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं.
परत हाक. आले म्हणलं. उठले नाय अजून.