खेळातल्या भाऊजींचं पोट का भरत नाही

मदन महल, जबलपूर
सोमवार, १५ डिसेंबर

ति. मुरलीधरभाऊजींच्या सेवेशी,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे तूर्त सात अंगांचाच घ्यावा. आठवं अंग प्रत्यक्ष भेटीत जमा करीन.) इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल, कारण सौ. अंजनी काल दुपारपासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. तुमचं बीपी कसं आहे, सकाळचं फिरणं सुरू आहे का, मनीषाताईच्या मानेचा पट्टा निघाला का, हे विचारायला मी काल तुम्हाला अकरा वेळा फोन लावला. तुम्ही एकदाही उचलला नाही. त्याआधी बारा वाजून दहा मिनिटांनी आपल्या 'गावंडे परिवार' ग्रुपवर तुम्ही ग्रुप सोडल्याची ओळ उमटली होती. ज्या ग्रुपवर पहाटे सहापासून गुलाबाच्या फुलांचा सडा पडतो, तिथे नंतर रात्रीपर्यंत एक पाकळी पडली नाही. म्हणून शेवटी पोस्टाची वाट धरली. पोस्टमनला तुम्ही कट करू शकत नाही.

तो पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात हे उघड आहे. त्यात पिवळ्या फेट्याचा, कोसा रेशमाच्या जाकिटाचा एक गृहस्थ पंगतीत बसून जिलेब्या खातो. मग पत्रावळ खातो. मग शेजारच्या पाहुण्याची पत्रावळ, मग मांडवाचा खांब, आणि शेवटी नवरीची खुर्ची (नवरी तोवर उठलेली होती, एवढं तरी बरं). त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'भाऊजी' असं लिहिलेलं आहे. ते दुसरेच कोणी भाऊजी आहेत असं मी म्हणू शकलो असतो, पण जाकीट मी आमच्या पोरीच्या, गीतांजलीच्या लग्नातल्या तुमच्या फोटोवरून काढलंय, बटणं मोजून. तेव्हा गुन्हा कबूल आहे. फक्त तो घडला कसा, तेवढं ऐकून घ्या आणि मग काय ती शिक्षा द्या.

तुम्हाला ठाऊक आहे, मी गेली दोन वर्षं कॉम्प्युटरवर खेळ बनवायला शिकून राहिलो आहे. (ताईनं तुम्हाला 'तो काहीतरी टाईपिंग करतो' असं सांगितलं असेल. तिचा गैरसमज मी मुद्दाम दूर केलेला नाही.) दिवसभर रिछाईच्या कारखान्यात नटबोल्टांचं स्टोअर सांभाळायचं, आणि घरी आल्यावर खेळ. आमच्यासारखी चार डोकी दर रविवारी सकाळी दहाला क्षमा रामटेके मॅडमच्या घरी जमतात. मॅडम कॉलेजात गणित शिकवतात आणि आमच्यावर गणिताच्याच बाई असल्यासारखा वचक ठेवतात. आठवडाभरात आपला खेळ कुठवर आला ते प्रत्येकानं दाखवायचं, एवढाच कार्यक्रम. मॅडमच्या खेळात एक बकरी मदन महल किल्ल्याच्या पायऱ्या चढते. सध्या ती फक्त उलटी चढते. टिकारामजी रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झाले. त्यांच्या खेळात आपण केबिनमध्ये बसून गाडीची वाट पाहायची, आणि ती चाळीस मिनिटांनी येते. त्यांना म्हटलं, जरा लवकर आणा. ते म्हणाले, 'मग सिग्नल पाडायचा आनंद काय राहिला?' त्यांच्या खेळात गाडी आलेली आजवर कोणी पाहिलेली नाही. चौथे आमचे शेजारी वीरेंद्रभैया. ते स्वतः काही बनवत नाहीत, बाकीच्यांचे खेळ खेळून पाहतात, आणि हे काम सर्वांत कठीण आहे हे तुम्हाला वरच्या वर्णनावरून पटेल.

या मंडळीत एक नियम फार कडक आहे. दुसरा आपला खेळ खेळत असताना बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. 'तिकडे नाही, इकडे दाबा' असं म्हणायचं नाही, कारण उद्या खेळ लोकांच्या घरी गेला तर आपण काय प्रत्येकाच्या खांद्याशी उभे राहणार आहोत? हा नियम मला इतका जड जातो की मॅडम माझी पाळी आली की माझ्या हातात आवळासुपारीची डबी देतात.

आता खेळाचं. पहिलं वर्ष मी अंतराळयानाचा खेळ करत होतो, पण यान जमिनीवरून उठेना. मागच्या फेब्रुवारीत गीतांजलीचं लग्न झालं आणि मला विषय मिळाला. त्या दिवशी काय झालं ते आपण दोघंही विसरलेलो नाही. तुम्ही पंगतीत बसलात, वीरेंद्रभैया जिलेबीची बादली घेऊन तुमच्यासमोर आले, तुम्ही रीतीप्रमाणे पत्रावळीवर हात आडवा धरून 'नको, नको' म्हणालात आणि ते 'अच्छा जी' म्हणून पुढच्या माणसाकडे गेले. घरच्या जावयाला दुसरी जिलेबी मिळाली नाही. तुम्ही ताक न पिता उठलात. संध्याकाळच्या गाडीनं ताईला घेऊन अमरावती गाठलीत, आणि तेव्हापासून दहा महिने या घराचा उंबरा तुम्ही ओलांडलेला नाही. राखी पाकिटातून आली. भाऊबीजेला ताईनं व्हिडिओवर ओवाळलं, आणि मध्येच तुमच्या खोकल्याचा आवाज आला तशी घाईघाईनं फोन ठेवला. मी इकडे कपाळ पुढे करून बसलेलोच. भाऊजी, मला हसायची सवय आहे म्हणून लोकांना वाटतं याला काही लागत नाही. मला ते फार लागलं.

म्हणून मी पंगतीचा खेळ लिहायला घेतला. आपण वाढपी, हातात बादली, समोर पाहुण्यांची रांग. प्रत्येकाला पोटभर जेवू घालायचं, कोणी उपाशी उठला की आपण हरलो. पाहुणा 'नको' म्हणतो, पण त्याच्या मनात हवं असतं. आपण आग्रह करायचा. माझ्या मते यात समजायला अवघड असं काहीच नव्हतं. पहिल्या रविवारी वीरेंद्रभैया खेळायला बसले. पहिला पाहुणा 'नको' म्हणाला, हे पुढे. दुसरा 'नको' म्हणाला, हे पुढे. अडीच मिनिटांत त्यांनी एकवीस पाहुणे उपाशी उठवले, नवरदेवासकट. मी आवळासुपारीची डबी संपवत आणली. खेळ संपल्यावर मॅडमनी विचारलं, वाढलं का नाही? ते म्हणाले, "अरे दीदी, सामनेवाला हाथ जोड़ के मना कर रहा है, तो जबरदस्ती थोड़ी करेंगे!" त्यावर अंजनी (ती डबे घेऊन आली होती) स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून नाही करत? मंग आग्रह कशाले म्हणते?"

आग्रह किती वेळा करायचा, यावर त्या दिवशी दीड तास वाद झाला. अंजनीच्या मते तीनदा. टिकारामजींच्या मते आकड्याला अर्थ नाही, हाताकडे बघायचं: तळहात पत्रावळीला टेकला असेल तर पुरे, वर तरंगत असेल तर वाढा, बोटं फाकलेली असतील तर अर्धी वाढा. मॅडमनी हे सगळं फळ्यावर मांडलं आणि विचारलं, 'पण वरची मर्यादा काय?' ते कोणालाच सांगता येईना. मी मनात तुम्हाला आणून पाहिलं. मलाही सांगता येईना.

पुढचे पाच रविवार मी तेवढंच लिहीत होतो. प्रत्येक पाहुण्याला मी एक भुकेचा आकडा दिला. एक जिलेबी वाढली की भूक एकानं कमी, आणि एकदा आग्रह केला की ती एकानं वाढेल, कारण कोणी प्रेमानं म्हटलं की माणूस एक घास जास्त जेवतो, हा माझा अनुभव. आता तुम्ही हिशेबी माणूस, तुमच्या लगेच ध्यानात येईल. मला मात्र आलं नाही. आग्रह केला, भूक एकानं वाढली. जिलेबी वाढली, एकानं कमी झाली. म्हणजे ज्याला आग्रह करूनच वाढावं लागतं तो जन्मभर जेवतच राहणार. बाकी पाहुणे आग्रहाशिवाय दोनतीन जिलेब्यांत उठायचे. दर वेळी आग्रह लागणारा एकच पाहुणा मी ठेवला होता. त्यात बादली रिकामी झाली तर काय, म्हणून मी एक ओळ लिहिली होती की जवळ जे असेल ते वाढावं. माझ्या मनात पापड होता. कॉम्प्युटरनं खांब घेतला.

काल हे सगळ्यांसमोर घडलं. टिकारामजी हसताना खुर्चीवरून घसरले. मॅडमची बकरी दोन वर्षांत जेवढी नावाजली गेली नव्हती तेवढे तुम्ही पंचेचाळीस सेकंदांत नावाजले गेलात. आमची दुसरी रीत अशी की दुपारी बाराला प्रत्येकानं आपल्या प्रगतीचा छोटा व्हिडिओ 'रविवार मंडळ' या ग्रुपवर टाकायचा. मी चष्मा काढून डोळे पुसत होतो. तसाच टाकला. 'रविवार मंडळ' आणि 'गावंडे परिवार' माझ्या फोनवर एकाखाली एक आहेत, आणि दोन्हींवर गणपतीचाच फोटो आहे. वर मी लिहिलं होतं, 'यांचं काय करावं ते सुचवा.' परिवारात सत्तेचाळीस माणसं आहेत. दहा मिनिटांनी शेहेचाळीस राहिली.

भाऊजी, चेष्टा करायची म्हणून मी तुम्हाला त्यात घातलं नाही. त्या खेळात बाकी सगळे पाहुणे भरतीचे आहेत, एकाच साच्यातले. चेहरा फक्त तुम्हाला आहे. तुम्हाला पोटभर जेवू घालता आलं की खेळ जिंकला, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते अजून जमलेलं नाही, इकडेही आणि तिकडेही.

येत्या संक्रांतीला गीतांजलीची पहिली संक्रांत आहे. काळी चंद्रकळा आणली आहे, हलव्याचे दागिने अंजनी घरी करून राहिली आहे. गीतांजलीनं स्पष्ट सांगितलं आहे की आत्या आणि फूफाजी नसतील तर मी दागिने घालणार नाही. (आत्याच्या नवऱ्याला फूफाजी म्हणायचं ती सासरी शिकली. पोरगी आमच्याशी निम्मं हिंदीत बोलते, पण हट्ट अस्सल गावंड्यांचा आहे.) ताईला पाठवा असं मी लिहीत नाही. दोघं या. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि रागाला थोडी रजा.

तुमचा आज्ञाधारक (काल दुपारपर्यंत नव्हता),
शालिग्राम

ता. क. : एक छोटंसं काम होतं, खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. खेळात सगळ्यांचे 'नको' टिकारामजींच्या आवाजात आहेत आणि ते सगळे गाडी रद्द झाल्यासारखे वाटतात. तुम्ही फोनवर तुमचा 'नको' म्हणून पाठवलात तर उपकार होतील. दोन प्रकारचे हवेत, एक रीतीचा आणि एक खरा. खरा मी आजवर ऐकलेला नाही.

ता. क. २ : वरचं ता. क. खोटं आहे. आवाज मिळाला तर हवाच आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. पाकीट चिकटवायच्या आधी एक गोष्ट लिहितो. वीरेंद्रभैया त्या दिवशी लगेच पुढे गेले नव्हते. तुम्ही खाली बघत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. ते बादली धरून थांबले आणि तुमच्या फेट्यावरून माझ्याकडे पाहू लागले. मी तुमच्या मागेच उभा होतो. वरपक्षाची चाळीस माणसं जास्तीची आली होती, बादलीत नऊ जिलेब्या होत्या, दुसरी बादली अजून कढईत होती. मी मानेनं खूण केली, पुढे चला. तुमचा 'नको' खरा नाही हे त्या मांडवात मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं. 'नको' म्हणजे पुढे चला, हे वीरेंद्रभैयांना मीच शिकवलं, आणि दहा महिने तो दोष त्यांनी निमूट स्वतःकडे ठेवला. अंजनीला हे माहीत नाही. तुम्ही तिला सांगा, तुमचा हक्क आहे; फक्त माझं जेवण झाल्यावर सांगा.

ता. क. ३ : खेळात बादलीत किती उरलंय ते वाढप्याला कोपऱ्यातल्या एका छोट्या खिडकीत दिसत असे. आज सकाळी ती खिडकी मी काढून टाकली आहे.