उंचीचं औषध

देवपूर, धुळे
५ एप्रिल १९९४

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तराला बसते आणि पहिल्याच ओळीवर अडते, कारण तू विचारलंस ते किती साधं आहे: ‘मंदे, तुझ्या त्या उंचीच्या औषधाचं नाव कळव, सुमनकाकूंना त्यांच्या निर्मलासाठी मागवायचंय.’ वाचून मला आधी खूप हसू आलं, आणि मग आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडले. बाई गं, ते औषध बाटलीत मिळत नाही. ते लोखंडाचं आहे आणि माझ्या दोन्ही पायांतून आरपार घातलेलं आहे. निर्मलाला सांग, आहे तशी छान दिसतेस, गप बस.

आता तू घाबरशील. घाबर, मीही घाबरलेलीच आहे, पण पत्र अर्धवट टाकू नकोस. माझा डावा पाय वर उचलला की पाऊल खालीच लोंबतं. अंगठा हलव म्हटलं तर मी हलवते, म्हणजे मनात हलवते, खाली काहीच होत नाही. चिमटा काढला तर कळत नाही आणि हात लावला नाही तर आग आग होते. हे पाऊल परत माझं होईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. तुला बाकी काय काय लिहायचं होतं, पण मला दिवसभर दुसरं काही सुचतच नाही.

तू होतीस ना त्या दिवशी आमच्या घरी, तुझ्या भावाबरोबर, लीलाधरांबरोबर, मला बघायला आलेल्यांत. चहा झाला, पोहे झाले, सगळं छान चाललं होतं, आणि सुमनकाकूंनी आम्हा दोघांना दारात शेजारी शेजारी उभं केलं. ‘पोरगी सोन्यासारखी हाय, पन त्याच्या खांद्यालेबी लागत नही,’ असं त्या हसत हसतच म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण आबांचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा सावरायला त्यांनी तिथल्या तिथे ठोकून दिलं, ‘आखाजीलोक लागीन खांद्याले. धुळ्याच्या डॉक्टरचं औषध चालू करतो.’ तू स्वयंपाकघरात येऊन मला चिमटा काढलास, म्हणालीस, आता आबा तुला केळीसारखं खत घालणार वाटतं! आणि तुमच्या मंडळींनी ते खरं धरलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, पुन्हा बघू, मग पक्कं करू, असं ठरवून तुम्ही बोदवडला गेलात.

आबांच्या डोक्यात तेव्हाच हा दवाखाना होता. इथे मोडलेली हाडं जोडतात, पोलिओनं आखूड राहिलेले पाय लांब करतात. रशियातून आलेली पद्धत आहे म्हणे. हाड मुद्दाम तोडायचं, पायाभोवती लोखंडी कड्या बसवायच्या, कड्यांतून तारा हाडात घालायच्या, आणि नट फिरवत फिरवत तोडलेले दोन तुकडे रोज जरा जरा दूर सारायचे. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. डॉक्टरांनी आबांना सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. धडधाकट पायांना मी हात लावत नाही, म्हणाले. आबांनी पुन्हा पुन्हा खेटे घातले. शेवटी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून विचारलं, तुला स्वतःला हवंय का. मी हो म्हटलं. सुगंधा, मला कुणी बांधून आणलेलं नाही. मला लीलाधर आवडले होते. जळगावच्या होस्टेलात तू त्यांची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचीस ना, तेव्हापासूनच. हे तुझ्यापासून लपवलं, कारण तू मला चिडवून चिडवून जीव नकोसा केला असतास.

सुरुवातीला बरं चाललं होतं. दुखायचं, ताप यायचा, तारांच्या भोवती पू धरायचा, आत्या औषधाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक भोक पुसायची. आबांची ही थोरली बहीण, वच्छलाआत्या, इथे देवपुरात राहते म्हणून तिच्याकडेच मुक्काम. शेजारी सांगून ठेवलंय, पोरगी स्कूटरवरून पडली. मला न येणारी स्कूटर चालवून मी पडले, बघ. परकर दोन्ही बाजूंनी उसवून घेतलेत, अंगावर कायम चादर, आणि धुळ्याच्या या उन्हात चादरीखाली त्या कड्या तव्यासारख्या तापतात. तरी दर पंधरवड्याला आबा शिंप्याची टेप घेऊन यायचे आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजायचे. वाढलं की त्यांचं तोंड असं फुलायचं की मला दुखतंय हे सांगावंसंच वाटायचं नाही.

नट दिवसातून चार वेळा फिरवायचे, प्रत्येक वेळी पाव वळसा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पाना आत्याच्या हातात. आता आमची आत्या तुला माहीत नाही. ती कुणाला आहेर करेल तर वर एक रुपया घालेल, दाणे मोजून देईल तर वर एक मूठ टाकेल, ओटीत सम आकडा पडू देणार नाही. ‘चार काय देतस बाय, चार चांगला नही. पाचवा शकुनना,’ असं म्हणून ती रोज देवाला दिवा लावला की एक पाचवा फेरा द्यायची. इतक्या मायेनं द्यायची, की त्यात काही वावगं असेल असं माझ्याही मनात आलं नाही. उलट मला वाटायचं, सगळ्या घरात माझ्या लग्नाची घाई खरी हिलाच आहे.

हाडाला काय ठाऊक शकुन! गेल्या महिन्यात डावं पाऊल लुळं पडलं. दवाखान्यात नेलं, फोटो काढला, आणि फोटोत दोन तुकड्यांच्या मध्ये नवं हाड जवळजवळ नव्हतंच, नुसती धुरकट जागा. इतकं अंतर कसं वाढलं, डॉक्टर विचारू लागले. आत्यानं भाबडेपणानं सांगून टाकलं. डॉक्टर तिच्यावर ओरडले. हाडाच्या वेगानं शीर वाढत नाही, ती ताणली गेलीय, म्हणाले. पुढे फिरवणं बंद. आता रोज थोडं थोडं उलटं फिरवायचं, तुकडे जवळ आणायचे, म्हणजे शिरेला ढील मिळेल आणि हाडही धरेल. पाऊल परत येईलच असं नाही, पण जितका उशीर तितकी आशा कमी.

उलटं फिरवायचं म्हणजे कळलं ना? मिळालेली बरीचशी उंची परत द्यायची. दोन्ही पाय सारखे राहायला हवेत म्हणून उजव्याचीही. आबांनी डॉक्टरांना हात जोडले, आखाजी होऊ द्या, बघण्याचा कार्यक्रम होऊ द्या, मग काय ते करा. खुर्चीतून उठून ती भिंतीला टेकून उभी राहील, तेवढं पुरे, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, पाय तुझा आहे, वयानं तू सज्ञान आहेस, मी सांगितलं तसं आजपासून सुरू कर. पण घरी आल्यावर आबा माझ्या खाटेशी बसले आणि म्हणाले, ‘इतकं सोसलं माय, अजून थोडं सोस. त्याईले काय सांगू मी?’ आबांना रडताना मी आजवर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, बरं. नट जिथल्या तिथे राहिले. ना पुढे, ना मागे. आत्यानं तर पानाच फडक्यात गुंडाळून देवापाशी ठेवला आणि तेव्हापासून ती स्वतःला इतका दोष देते की मलाच तिची समजूत काढावी लागते.

तेव्हापासून मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी चादर सरकवते आणि अंगठ्याकडे बघते. हल, म्हणते. नुसता हल, मी काही मागणार नाही. तो तसाच पडून असतो, शेजारच्या बाईचा असल्यासारखा. दवाखान्यात एक माणूस येतो, त्याचं पाऊल अपघातानंतर असंच पडलंय. चालताना तो गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फरशीवर थापटी मारल्यासारखं पडतं. तो आला की न बघता आवाजावरून कळतं. मला झोपेतही तो आवाज येतो, आणि कधी कधी तो माझाच असतो.

सुगंधा, आज सकाळी मी देवापाशी ठेवलेला पाना मागून घेतला आणि दोन्ही पायांचे नट डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे उलटे फिरवले. आत्या बघत होती. अडवलं नाही, नुसती माझं डावं पाऊल मांडीवर घेऊन बसली. आबा केळीच्या कापणीला गावी गेलेत, रविवारी येतील आणि टेप काढतील. ते रागावतील याची मला भीती नाही. ते पुन्हा रडतील आणि मी पुन्हा बरं म्हणेन, याची आहे. मी माझ्या स्वतःच्या भरवशावर राहू शकत नाही गं. म्हणून हे पत्र तुला. हे तू एकटीनं वाचून पेटीत ठेवू नकोस. लीलाधरांसमोर, सुमनकाकूंसमोर, सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाच. मुलगी होती तेवढीच बुटकी राहणार आहे आणि वर बहुतेक लंगडणार आहे, हे तुमच्याकडे एकदा सगळ्यांना कळलं की आबांना नट थांबवून ठेवायला कारणच उरणार नाही. सोयरीक मोडेल. मोडू दे. हे मी शुद्धीवर लिहितेय. पत्र उद्याच्या डाकेनं निघेल, तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. मिळालं की त्याच दिवशी तुमच्याकडून आबांना नकार कळवा. रविवारच्या आत कळवा.

तुझीच,
मंदा