बर्गीचं पागोटं

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५३

एका पानाला पाच दिवस! संपादकबाबूंनी आज कपाळालाच हात लावला. मुलांच्या बंगाली मासिकातली चित्रकथा, तिचं पान दोन दिवसांत उरकायचं असा इथला रिवाज. पैसे पानामागे मिळतात, दिवसामागे नाहीत.

पण गोष्ट बर्गींची. म्हणजे बंगाल लुटायला आलेल्या आपल्याच मराठी घोडेस्वारांची. इथले चित्रकार त्यांना राजपुती फेटा चढवून मोकळे होतात. मला ते जमेना. आईच्या जुन्या लुगड्याचं पागोटं बांधलं, ते बायकोच्या, सुशीलाच्या, डोक्यावर ठेवलं आणि तिला खिडकीशी बसवलं. बिचारी हलली नाही. एकदा भातही करपला. पण पागोट्याच्या घड्या अशा उतरल्या आहेत की बस्स! आजवरचं माझं सगळ्यात चांगलं पान.

"मोशाय, छापल्यावर या घड्यांचा नुसता काळा डाग दिसेल," बाबू म्हणाले. खरंही असेल. कागद हलका, छपाईचा ब्लॉक स्वस्तातला. मग भिंग काढून स्वतःच त्या घड्या बराच वेळ बघत बसले. शेवटी म्हणाले, "एवढी मेहनत, आणि तीही एका लुटारूसाठी?"

एक पैसाही जास्त मिळाला नाही. मग का केलं मी हे?

घरी आल्यावर सुशीलाला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल.

ती म्हणाली, "लुटारू असला म्हणून काय झालं? पागोटं नीट नको बांधायला?"