दाखवायचं घर

३ मार्च, सोमवार

आले एकदाची लातूरला! मुखेडहून सकाळची एसटी धरली, शिरूर ताजबंदला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला. स्टँडवर दाजी स्कूटर घेऊन उभेच होते. दाजी म्हणजे उमाशंकर, माझ्या थोरल्या बहिणीचे, महानंदाक्काचे मालक. लोकांची घरं-प्लॉट विकून द्यायचा धंदा करतात. नांदेडला साड्यांच्या दुकानात मी शोकेस सजवायची. दुकानच बंद पडलं आणि मी मुखेडला आईकडे येऊन बसले. तेवढ्यात दाजींचा फोन आला. औसा रोडच्या आतल्या एका कॉलनीत दुमजली घर विकायला काढलंय. रिकामं घर गिऱ्हाइकाला भकास वाटतं. तेव्हा अक्काच्या सोबतीनं तिथं राहायचं आणि घर असं सजवायचं की बघायला येणाऱ्याला वाटावं, हे आपलंच. शोकेससारखंच काम, फक्त शोकेस मोठं.

घर छान आहे. पुढं अंगण, पेरूचं झाड, आणि लातुरात ज्याला खरी किंमत ते म्हणजे बोअरला पाणी. मालक गुरुपादप्पा बीदरला मुलाकडे राहतात.

अक्का व्हरांड्यात उभी होती. मला बघितलं आणि रडायलाच लागली. लई वाळलीये. दाजी तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलट मलाच विचारलं, अक्का भेटली का. समोर उभी असताना! म्हटलं, भांडण झालेलं दिसतंय. नवरा-बायकोच्या मधे मी कशाला पडू.

अक्का काही बोलायच्या आत मी कामाला लागले. कोपऱ्यात जळमटं, भिंतीवर ओल. म्हटलं, अक्का, तू आता बस. हे घर माझ्यावर सोड.

४ मार्च, मंगळवार

अक्का दाजींबरोबर घरी गेली, लेकरांना बघून दोन दिवसांत येते म्हणून. काल एकमेकांकडे न बघणारे ते दोघं, आज सकाळी फाटकाबाहेर दाजींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि लहान मुलासारखे रडत होते. भर रस्त्यात. मी खिडकीतून बघितलं आणि मलाच लाजल्यासारखं झालं. बरं झालं, मिटलं भांडण.

८ मार्च, शनिवार

ओल खरवडून पुट्टी लावून घेतली, वरून फिका पिवळा रंग. पांढऱ्या ट्यूबलाइट काढून पिवळे बल्ब लावले. तेवढ्यानं बैठकीची खोली उबदार झाली. गंजगोलाईतून पडद्याचं कापड आणलं. आरसा खिडकीसमोर टांगला, खोली मोठी दिसते. जुनी कॅलेंडरं, मोडका पंखा, माळ्यावरच्या गोधड्या, सगळं बाहेर काढलं. मागच्या माणसांच्या खुणा राहिल्या की नव्या माणसाला पाहुण्यासारखं वाटतं, हे दाजींनी फोनवर सांगितलं आणि मला पटलं.

एक युक्ती माझी स्वतःची. गिऱ्हाईक यायच्या जरा आधी तुपावर रवा भाजायचा, वेलदोडा घालायचा. दार उघडलं की तो वास सामोरा जातो. माणूस मग भिंती बघत नाही.

या घरात काम करायला आवडतंय. एक आवरलं की दुसरं दिसतं. वेळ कळत नाही.

अक्का अजून आली नाही.

१२ मार्च, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक आलं. निलंग्याचे डॉक्टर आणि त्यांची बायको. खूश होते. स्वयंपाकघरात बाई बराच वेळ रेंगाळल्या. मी शिऱ्याच्या बशा नेल्या, पाणी दिलं. त्यांनी माझ्या ट्रेमधून पेले उचलले, माझ्याकडे न बघता. जाताना त्या दाजींना म्हणाल्या की घर ठेवणाऱ्या बाई भेटल्या नाहीत, त्यांना आमचा नमस्कार सांगा.

मी त्यांच्या समोर उभी होते. हातात ट्रे.

मोठ्या लोकांना काम करणारी बाई दिसत नाही, हे दुकानातही बघितलंय. पण मला जरा लागलं.

दाजींनी माझा फोन नेला. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला आहे, जाहिरातीचे फोटो त्यावरून टाकतो म्हणाले. उद्या देतो म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

वाटलं, मुखेडला जाऊन आईला भेटून यावं. केस विंचरले, बॅग घेतली, फाटकाची कडी काढली आणि आठवलं, गॅस चालू राहिला. आत आले. गॅस बंदच होता, पण ओट्यावर पीठ सांडलेलं. पुसलं. पुसलेलं फडकं धुतलं. फडकं वाळत घालताना दिसलं, पेरूची पानं अंगणभर पडलीत. झाडली. मग देवघरातली समई तेलकट दिसली.

संध्याकाळ झाली. गाडी गेली. मीच मला हसले.

फोन अजून मिळाला नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज ठरवूनच निघाले. काही झालं तरी मागं बघायचं नाही. फाटक उघडलं, बाहेर पाय टाकला. चपलेखाली रस्त्याची खडी लागली. समोरच्या घरापुढं एक बाई शेवया वाळत घालत होती, ती दिसली. हे सगळं मला नीट आठवतंय.

मग मी देवघरात होते. मांडी घालून बसलेली. हातात तांब्याचा गडवा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. बोटं काळी. ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं.

मधलं काही नाही.

१९ मार्च

भाजीवाला गाडा घेऊन फाटकाशी थांबला. मी व्हरांड्यातून हाक मारली. फाटकापर्यंत गेले. त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ओरडले. त्यानं कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं, कॉलनीकडे तोंड करून आरोळी दिली आणि गाडा पुढं ढकलला.

आरशात बघितलं. मी आहे. दिसते. मग त्याला का —

अक्का पहिल्या दिवशी व्हरांड्याची पायरी उतरली नव्हती. आणि दाजी तिच्याकडे बघत नव्हते, ते भांडणामुळं नव्हे. त्यांना ती दिसतच नव्हती. हे आज, तांदूळ निवडताना डोक्यात आलं. सूप हातातच राहिलं.

पण मग त्यांना माहीत होतं. दोघांना.

नाही. असं कसं असेल. ती माझी अक्का आहे. शाळेत जाताना माझं दप्तर तीच उचलायची.

२१ मार्च

दाजी आले. एकटेच. किल्लीनं दार उघडलं, चपला न काढता आत आले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, शर्ट धरला. त्यांनी खांदा झटकला, माशी बसल्यासारखा.

मग बैठकीच्या मधोमध उभं राहून, छताकडे बघत बोलले. "सुकन्या, असशील तिथून ऐक. उद्या रेणापूरचे देविदासराव येऊन राहिलेत. घेणारं गिऱ्हाईक हाय. घर चांगलं ठेव."

आवाज मऊ होता. दुकानातल्या पोरीला सांगावं तसा.

ते गेल्यावर मी उंबऱ्यात बसून रडले. आणि रडता रडता हातानं उंबरा पुसत होते. पदरानं. मला कळलंच नाही.

२२ मार्च

रव्याचा वास घरभर. मी भाजणार नाही म्हणत होते. भाजला.

पण रांगोळी माझ्या हातात होती. व्हरांड्यात, दारासमोर, मोठ्या अक्षरांत लिहिलं — मी सुकन्या. मी आत आहे. मला बाहेर काढा.

अक्षर स्वच्छ आलं.

गाडी थांबली. आधी दाजी उतरले. दोन ढांगांत पायऱ्या चढले, वाचलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. घाबरले असते तरी चाललं असतं. त्यांनी मागं वळून देविदासरावांना बोअर तिकडं आहे असं हात करून दाखवलं, आणि तोवर बुटानं माझं नाव पुसलं. मग बाकीचं. मग हसून म्हणाले, या, आत या.

घर पसंत पडलं. पाडव्याला राहायला येतो म्हणाले.

२४ मार्च

अक्का आली. फाटकाबाहेर, दुपारच्या उन्हात, डोक्यावर पदर. आत नाही आली. तिला मी दिसते. एकटीला. इथं राहून गेलेलीला दिसतं म्हणाली.

मी गजांना धरून विचारत होते, का, का. ती खाली बघून बोलत होती.

सांगितलं ते असं. तिला दाजींनीच इथं ठेवलं होतं, घर मांडायला, मला ठेवलं तसंच. तेव्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. या घराला बाई लागते. ती कामाला लागली की बाहेरच्यांना हळूहळू दिसेनाशी होते. अक्काच्या आधी गुरुपादप्पांची बायको नागम्मा आत होती. लोक समजत होते ती घर सोडून गेली. अक्कानं हौसेनं घर हाती घेतलं आणि नागम्मा सुटली, बीदरला मुलाच्या दारात जाऊन उभी राहिली. दुसरी बाई आपखुशीनं घर हाती घेते तेव्हाच पहिलीला जाता येतं. नागम्माच्या आधी कोण, ते मला नको विचारू म्हणाली. दाजींना तिनं पिठात बोटानं लिहून लिहून कळवलं होतं.

"लेकरं रडून राहिली होती, सुके," म्हणाली. "धाकटा जेवत नव्हता. तुला कोणी न्हाई मागं."

मी म्हटलं, आई आहे. आई मला शोधत येईल. आईला कळलं तर ती तुझं तोंड बघणार नाही.

अक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लांबून कुठून तरी बोअर चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली,

"तुझं नाव आईनंच घेतलं."

२५ मार्च

काही लिहायचं नाही.

पितळ घासलं. पडदे धुतले.

२६ मार्च

मुखेडहून निघाले तेव्हा आई स्टँडवर सोडायला आली होती. माझ्या डब्यात धपाटे बांधून दिले. शेंगदाण्याची चटणी वेगळी, पुडीत. एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभी होती. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, आई, लातूरलाच तर चाललेय.

तिनं माझी बोटं सोडली नव्हती. मीच सोडवून घेतली.

ती कशासाठी रडत होती, ते आता —

२८ मार्च

अक्का जाताना अजून एक सांगून गेली. घराला एखादी पसंत पडली की तिला मी दिसेन. तिच्या हाती दे आणि नीघ म्हणाली. मागं बघू नको. मी बी बघितलं नव्हतं.

नाही. मी नाही तसली.

३० मार्च, पाडवा

आले सगळे. ट्रक, कपाटं, पाहुणे. गुढी उभारली. माझ्या पडद्यांचं कौतुक. देविदासरावांच्या मुलाचं आत्ताच लग्न झालंय, सून, अयोध्या. कोवळी पोर आहे, हातावरची मेंदी पुरती गेलेली नाही.

पाहुण्यांत अक्का आणि दाजी होते. अक्का नवी साडी नेसून. अंगणात मांडवाखाली बसली, श्रीखंड वाढून घेतलं. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली. बघितलं मला. नीट बघितलं. मग शेजारच्या बाईकडे वळून विचारलं, पुरी आहे का अजून.

३१ मार्च

अयोध्या मला बघते.

सकाळी जिन्यात थांबली. विचारलं, ताई, तुम्ही कोण? किती दिवसांनी कुणी मला विचारलं. मी माझं नाव दोनदा सांगितलं. तिला वाटलं मी कामाला ठेवलेली. म्हणाली, तिचं माहेर मुरूडला, आईची लई आठवण येते, या घरात तिच्याशी कुणी बोलत नाही.

तिच्या आईचा रोज फोन येतो.

१ एप्रिल

तिला सगळं सांगायला गेले. तोंडातून निघालं ते — चहाचं भांडं खालच्या कप्प्यात आहे.

पुन्हा प्रयत्न केला. निघालं — तुळशीला पाणी घातलं का?

फक्त नको म्हणता येतं. ती हात पुढं करते, मी नको म्हणते. झाडू मागितला. नको. पोळ्या लाटू लागते म्हणाली. नको. तिला वाटतंय मी तिचे लाड करतेय.

२ एप्रिल

घर तिच्याकडं वळलंय. ती खोलीत आली की पिवळे बल्ब —

मी थकलेय. हात थांबत नाहीत. हे लिहितेय ते डाव्या हातानं, उजवा ओटा पुसतोय.

नको. नको. नको म्हणायचं फक्त.

३ एप्रिल

दुपार. सगळे लग्नाला गेलेत. ती एकटी मागं राहिली, माझ्यासाठी. म्हणाली, ताई, तुम्हाला कधी बसलेलं बघितलंच नाही.

आई आठवते. आईनं नाव घेतलं तेव्हा कोणतं घेतलं असेल, सुकन्या, की सुके —

अयोध्या दारात आलीये. ओच्याला हात पुसतेय. हसून म्हणाली, "ताई, तुम्ही आता बसा. हे घर माझ्यावर सोडा."

तिच्या मागं फाटक सताड उघडं आहे. रस्ता दिसतोय. खडी. ऊन. समोरच्या घरच्या बाईनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, मला बघितलं तिनं —

अयोध्या उत्तराची वाट बघतेय. मी तिला म्हणणार आहे, की