मुदत संपलेलं गणित

१८ जुलै, सोमवार

फेब्रुवारीनंतर थेट आज. वहीची माफी मागायला हवी, मागते. शाळा बंद होणार हे कळलं त्या दिवशी लिहिणं सोडलं, कारण रोज तेच लिहिलं असतं. मेमध्ये शाळा बंद झाली. बावीस वर्षं तिथे इतिहास आणि इंग्रजी शिकवलं. शेवटच्या दिवशी नकाशे एका ट्रकमध्ये गेले आणि मी नवऱ्याच्या, लाझारोच्या.

आज पुन्हा लिहिते आहे, कारण राग आला आहे आणि नवऱ्याला तो तीनदा सांगून झाला आहे.

नर्सिंगला नाव घालायला कॉलेजात गेले होते. वय सेहेचाळीस. पदवीचा कागद बरोबर. खिडकीवरच्या मुलीनं तो मागून-पुढून पाहिला. "मिस, तुमचं गणित दहा वर्षांपेक्षा जुनं आहे. धरता येत नाही."

म्हणजे काय?

"मुदत संपली."

आणि इंग्रजी?

"त्याचीसुद्धा."

या गावच्या निम्म्या लोकांना अर्ज कसा लिहायचा ते मी शिकवलं आहे. माझ्या इंग्रजीची मुदत संपली!

तर म्हणे प्रवेशाआधीची चाचणी द्या. "घाबरू नका, मिस. यात कुणी नापास होत नाही. तयारी करायची गरजच नाही. कुठल्या वर्गात बसवायचं तेवढं कळतं." विचारलं, गुण कमी पडले तर? तर पायाभूत वर्ग. दोन सत्रं, कधी तीन. ते झाले की मग नर्सिंगचा अर्ज. आणि यंदाची यादी बारा ऑगस्टला बंद. म्हणजे वर्ष गेलं. पण नापास मात्र कुणी होत नाही.

लाझारो म्हणाला, "गणित नासलं? फ्रिजमध्ये ठेवायचं होतंस." हसले. मग हसल्याचा राग आला.

एलोदिया बरोबर होती. तिच्या थोरल्याची मी धर्ममाता. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि सोळा वर्षं अहो-जाहो करतो. ती ग्रेपफ्रूटच्या शेडमध्ये फळं निवडते. पुढच्या मेपर्यंतच, मग तिच्या पट्ट्यावर फळं निवडायला कॅमेरे बसणार आहेत. उन्हाळ्यात शेड बंद असते तेव्हा पहाटे चारपासून टोर्टियाच्या दुकानात पोळ्यांचं पीठ मळते. शाळा नववीत सुटली, नंतर बाहेरून परीक्षा देऊन पुरी केली. नर्सिंगची कल्पना माझी. तिची आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते, तिथल्या नर्सपेक्षा एलोदियाला यंत्र जास्त कळतं, असं मीच तिला मार्चपासून ऐकवते आहे.

खिडकीवरून परतताना ती म्हणाली, "कोमाद्रे, तुमची मुदत संपली, माझी तर सुरूच झाली नव्हती."

मी तिला तिच्यासाठी ओढलं, की अठरा वर्षांच्या पोरांत एकटं बसायची लाज म्हणून? दोन्ही असेल. कुठलं किती, ते सांगता येत नाही.

२२ जुलै, शुक्रवार

परीक्षेआधी एक धडा सक्तीचा आहे, संगणकावर. तो पुरा केल्याचा दाखला निघाला तरच परीक्षेला बसू देतात. उघडला. पहिलं पान: 'परीक्षा म्हणजे काय?' दुसरं पान: 'परीक्षेच्या आदल्या दिवशी नीट झोपावे.' सोबत झोपलेल्या मुलीचं चित्र. एवढी वर्षं परीक्षा घेतलेल्या बाईला हे! पुढचं काही वाचलं नाही. चाळीस मिनिटं बटण दाबत होते आणि घेवडे निवडत होते.

एलोदियाकडे संगणक नाही. वाचनालयात जायचं तर दुपारची झोप मोडते आणि ती पहाटे तीनला उठते. तिच्या नावानं मीच बसले. पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा घेवडे. दाखला निघाला. तिच्या नावाचा, माझ्या बोटांचा.

हे खोटं आहे का? आहे. पण तिचा तो अपमान वाचला, असं मी स्वतःला सांगितलं आणि पटलंही. फार लवकर पटलं.

२६ जुलै, मंगळवार

एलोदियाच्या स्वयंपाकघरात अभ्यास. पंखा, कलिंगड, खुर्चीत तिची आई, दोन्या पेत्रा. आज तिचा डायलिसिसचा दिवस. चारला निघायचं, म्हणून चिडलेली.

पुस्तकात गणित होतं, नाव प्रवाहाच्या उलट दिशेनं जाते. एलोदियानं पेन्सिल ठेवली. "हा माणूस नदीत काय करतोय?"

म्हटलं, वेग काढायचा आहे.

"आपल्या नदीत नाव घातली तर आधी याला सीमेवरचे गस्तवाले काढतील."

दोन्या पेत्रा म्हणाली, "मास्तरीणबाई, तो कुठल्या दिशेनं जात होता तेवढं सांगा. त्यावर ठरतं."

मग व्यस्त प्रमाण आलं. माझं तिथेच अडतं. एलोदियाचं अडत नाही. खोक्यावर तेवीस लिहिलं की खोक्यात तेवीस फळं मावतात, अठ्ठेचाळीस लिहिलं की अठ्ठेचाळीस. आकडा वाढला की फळ लहान. हे तिच्या हातात आहे. ती उत्तर आधी सांगते आणि कारण नंतर शोधते. मी म्हटलं, पायऱ्या लिहा. तिनं लिहिल्या, त्यात चुकली. पायऱ्या खोडून पुन्हा उत्तर सांगितलं, बरोबर.

मी तरीही म्हटलं, पायऱ्या लिहा. शिक्षिकेची सवय म्हणून? की ती माझ्या पुढे जात होती म्हणून?

३१ जुलै, रविवार

चर्चबाहेर तीन जणांनी विचारलं, "मिस, तुम्हीसुद्धा परीक्षा देणार?" हसत. मीही हसले.

२ ऑगस्ट, मंगळवार

भाषेची चाचणी झाली. दोघी पार. मला जवळजवळ पूर्ण गुण, म्हणजे मुदत संपलेलं इंग्रजी अजून खाण्यासारखं आहे. एलोदिया रेषेच्या जरा वर. गाडीतून बाहेर वाकून तिनं आईला फोनवर ओरडून सांगितलं. दोन्या पेत्रा म्हणाली, "मग आता माझी सुई तू टोचणार? देवा."

उरलं गणित. पुढच्या मंगळवारी. एलोदिया म्हणाली, "शेडवाल्याला ऑक्टोबरमध्ये, शेड उघडताना, सांगायचं आहे, माझं नाव धरू नका. नुसतं तेवढं वाक्य म्हणायला मिळालं तरी चालेल." तिला स्वतःसाठी काही मागताना मी याआधी ऐकलेलं नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

नीट लिहिते, कारण उद्या मी हे बदलून आठवेन.

वीस संगणक, वीस माणसं. आम्ही दोघी सोडून बाकी सगळी पोरं. एसीचा गारठा असा की स्वेटर हवा होता. प्रभारी गार्सा, जाड चष्मा, हळू बोलणारा माणूस. वेळेचं बंधन नाही, मागचा प्रश्न उघडता येत नाही, एवढंच त्यानं सांगितलं.

माझी सुरुवात वाईट झाली. पहिले सहा-सात प्रश्न अंगावर आले. मग जम बसला. प्रश्न ओळखीचे वाटायला लागले. शेवटी शेवटी तर शाळेतलेच: शेकडेवारी, अपूर्णांकांची बेरीज. खरंच वाटलं, उगाच घाबरत होते.

वर पाहिलं तर एलोदिया उभी. बॅग घेतली आणि दाराबाहेर. गार्सा तिच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला.

मी माझे उरलेले तीन प्रश्न पुरे केले. हे लिहायलाच हवं. पुरे केले आणि मग गेले.

ती माझ्या गाडीपाशी, उन्हात, पत्र्याला टेकून उभी. पत्रा तापलेला, पण तिला कळत नव्हतं.

"पहिले जमले, कोमाद्रे. शप्पथ जमले. मग एक आलं की पुढचं त्याहून वाईट. ते कसंबसं सोडवलं की त्याहून वाईट. जणू कुणी पलीकडे बसून म्हणतंय, असं का? मग हे घे. शेवटी जी अक्षरं आली ती मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती माझी नाहीत. ती तुमच्यासारख्यांची."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, मला सोपी गेली. (का सांगितलं?) म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. म्हटलं, आधीच्या शाळेचा पाया कच्चा असला की असं होतं, यात तुमचा दोष नाही.

ती म्हणाली, "कच्चा," आणि गाडीत बसली.

मला गुणांचा कागद मिळाला. तीनशे एकोणतीस. कशापैकी, चांगले की वाईट, काही नाही. अर्थ सल्लागार गुरुवारी सांगणार. आकडा देतात आणि अर्थासाठी दोन दिवस थांबवतात!

१० ऑगस्ट, बुधवार

एलोदिया फोन उचलत नाही. पुस्तकं तिच्या धाकट्या मुलीबरोबर परत आली, प्रत्येकाला कापडाचं कव्हर घातलेलं. दोन्या पेत्रानं एकदा फोन उचलला. "मास्तरीणबाई, ती म्हणते तिला आता पीठ मळू द्या. तुम्ही फार केलंत." फार चांगलं की फार जास्त, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कॉलेजला पत्र लिहिलं. चार पानं. 'तयारीची गरज नाही, नापास होत नाही' असं सांगून तुम्ही कष्टकरी बाईला अशा खोलीत बसवता जिथे यंत्र तिचा पाणउतारा करतं. ज्यांच्या घरी सांगणारं कुणी आहे ते तयारी करून येतात, आणि जे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात ते दोन वर्षं मागे पडतात. हे तुम्हाला माहीत आहे आणि तरी तुम्ही तेच वाक्य खिडकीवर रोज म्हणता. याला मी सौजन्य म्हणणार नाही.

दोनदा वाचलं. अजून खरं वाटतं. लाझारोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं आहे. कुणाविषयी आहे?"

एलोदियाविषयी, मी म्हटलं.

"तिचं नाव तिसऱ्या पानावर येतं," तो म्हणाला आणि कालव्याच्या कामावर गेला.

११ ऑगस्ट, गुरुवार

पत्र घेऊन गेले. सल्लागाराच्या आधी गार्साच्या खोलीत. उभ्यानंच वाचायला लागले. दुसऱ्या पानावर तो म्हणाला, "मिस, बसा." मी बसले. त्यानं पूर्ण ऐकलं, मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाला, "नापास होत नाही, हे वाक्य मलाही आवडत नाही. मी ते म्हणत नाही."

आणि मग म्हणाला, "पण यंत्र पाणउतारा करत नाही. बरोबर उत्तर आलं की ते पुढचा प्रश्न अवघड देतं. चुकलं की सोपा. असं वर-खाली करत ते माणसाची जागा शोधतं. ज्याला कठीण जातंय, त्याचं बहुधा चांगलं चाललेलं असतं."

मी विचारलं, हे कुणी सांगत का नाही?

"सांगतात की. सक्तीच्या धड्यात. तिसऱ्या पानावर. म्हणून तर तो सक्तीचा."

मी पत्राची घडी घातली.

सल्लागाराला तीनशे पन्नास हवे होते. माझे तीनशे एकोणतीस. पायाभूत गणित, दोन सत्रं. शेवटचे प्रश्न सोपे वाटले ते त्यामुळे. यंत्र माझ्यासाठी खाली खाली उतरत होतं आणि मला वाटलं जम बसला.

रागावले, खूप रागावले. पदवीधर बाईला अपूर्णांकांच्या वर्गात! पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचं बटण कुठे आहे तेच मला पाच प्रश्न कळलं नव्हतं! खोली थंड होती! गाडीत बसून हे सगळं मोठ्यानं म्हणत होते. कॉलेजला दुसरं पत्र लिहायला हवं. यातलं काही तरी त्यांचंही आहे, हे मी अजून म्हणेन.

११ ऑगस्ट, संध्याकाळ

दुपारी सगळं लिहिलं नाही.

मी गार्साच्या खोलीतून निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीचे गुण मला सांगता येत नाहीत. पण तिला सांगा, तिची परीक्षा बंद झालेली नाही. अर्धी सुटली की यंत्र ती धरून ठेवतं. दोनच प्रश्न राहिलेत. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत येऊन पुरी केली तर यादीत नाव जाऊ शकतं. आणि ती ज्या प्रश्नाला उठली ना, तिथवर माझ्याकडे महिन्याला दोन माणसं पोचतात."

हे मी तीन वाजता ऐकलं. येताना तिच्या गल्लीतून आले. तिची गाडी दारात होती. मी थांबले नाही.

धड्याचं तिसरं पान मी तिच्या वाटचं न वाचताच बटण दाबून घालवलं, ते सांगावं लागेल म्हणून. आणि खरं लिहायचं तर, ती जाईल आणि मी राहीन म्हणून.

आता ती आईला घेऊन डायलिसिसला गेली असेल, नऊपर्यंत. हे कारण खरं आहे. पण तीन वाजता नव्हतं.

उद्या पहाटे पाच: टोर्टियाच्या दुकानाचं मागचं दार. एलोदियाला सगळं सांगणे.