मूळ शिल्पकाराची सही

तीर्थरूप बाबांना,

१२ मार्च, सकाळचे साडेदहा. प्रदर्शनाचा फॉर्म भरतो आहे.

तुम्ही घडवलेल्या आणि घर सोडताना इथेच ठेवलेल्या आईच्या दगडी पुतळ्याचे मी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर इतके ताणले, की नुसते रंग उरले. आता कोण ओळखणार, म्हणून ‘मूळ शिल्पकाराची संमती’ या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिणार होतो.

तेवढ्यात आई मागून म्हणाली, “अरे, ही तर माझी मान! उगाच लांब केली होती तुझ्या बाबांनी. तेव्हाही मी भांडले होते.” तुमचा विषय निघाला आणि ती हसली, असे सहा वर्षांत पहिल्यांदाच झाले.

आता खोटे लिहवत नाही. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस शनिवार आहे. फॉर्म सोबत ठेवला आहे, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली आहे. तुमचा पत्ता आईकडे आहे. तो मागायचे धाडस अजून झालेले नाही.

तुमचा,
धाकटा