छाणीच्या सप्ताळूंविषयी व विमलविषयी

मी, इंदिराबाई फत्तेसिंहराव भोईटे, वय चौऱ्याहत्तर, धंदा घरकाम, राहणार रावपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र आपखुशीने करून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नसावी. कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. पूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खरे तर हेही करायचा कंटाळा होता. पण माझ्यामागे व्हायचे भांडण मला आत्तापासूनच ऐकू येते, म्हणून बसले आहे.

१. माझे यजमान कै. फत्तेसिंहराव यांचे घराणे संस्थानच्या पागेतले. संस्थान गेले, पागा गेली, ऐट तेवढी मागे राहिली. आम्हांस दोन मुलगे. थोरले चि. जयवंतराव अलकापुरीत स्वतःच्या बंगल्यात सुखी आहेत. धाकटे कै. माधवराव नऊ वर्षांपूर्वी काविळीने गेले. त्यांची पत्नी विमल माझ्याजवळ राहते. तिला मूलबाळ नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोलले गेले आहे की इथे एकदा लिहून संपवते.

२. रावपुऱ्यातले राहते घर आणि छाणीची बागेची जमीन, ही दोन्ही माझ्या माहेरच्या दागिन्यांतून घेतलेली व माझ्याच नावावर आहेत. त्यांची व्यवस्था लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. जयवंतरावांना शिक्षण, लग्न आणि बंगल्याची जागा वडिलांकडून मिळालेली आहे. त्यांना मी यजमानांची तलवार व फेट्यातला मोठा फोटो देते. तलवार गंजून म्यानात बसली आहे, ओढाताण करू नये.

३. छाणीच्या जमिनीत सप्ताळूची, म्हणजे पीचची, सहा झाडे आहेत. आंबा कोणीही लावतो, असे यजमानांचे म्हणणे. शेजारचे हसमुखभाई अमीन पहिल्या दिवशीच कुंपणावरून म्हणाले होते, "बा, चीकू वावो ने! सप्ताळू ते वळी अहीं थाय?" सप्ताळू इथे कुठले व्हायला, हे त्यांचे ऐकून चिकू लावले असते तर मी आज इतकी थकले नसते. या झाडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते, तरच ते नीट झोपते आणि उठून फुलते. आमची थंडी म्हणजे सकाळी शाल आणि दुपारी पंखा. म्हणून दरसाल डिसेंबरात पाणी तोडायचे, मुळ्या उघड्या करायच्या, पाने हाताने ओरबाडायची, आणि झाडाला थंडी पडली असे भासवायचे. मग खतमाती घालून मुळ्या झाकायच्या. एवढे करून फूल येते गुलाबी, बघत राहावे असे, आणि बहुतेक फळ वाटाण्याएवढे झाले की गळून पडते, थोडेच पिकते. यजमान गेल्यापासून हे सगळे विमल करते.

४. आता नणंद कमळाबाई यांच्याविषयी. माझे चांदीचे तबक त्यांनी हळदीकुंकवाला म्हणून नेले ते नेलेच. ते त्यांनाच दिले असे समजावे. मात्र पुढील गोष्टी माझ्या हयातीत मी त्यांना तोंडावर बोलू शकले नाही, थोरल्या नणंदेपुढे आमच्याकडे बोलत नाहीत, त्या इथे लिहिते.

झाडांच्या खोडातून डिंक आला तेव्हा त्या म्हणाल्या, झाड रडतंय, घरात अपशकुनी कोणीतरी आहे. खोडात अळी शिरली होती. विमलने तार घालून ती बाहेर काढली आणि डिंक थांबला.

एका साली बरीच फळे जोडीने चिकटलेली निघाली. आदल्या मे महिन्यात ऊन भयंकर पडले होते, आणि पुढच्या वर्षीचे फूल झाडात तेव्हाच घडत असते, त्यामुळे असे होते. पण जुळे केळे लेकीसुनांना देऊ नये हा आपला रिवाज. कमळाबाईंनी तो उलटा फिरवला. जिला एकही नाही तिला जोडफळ द्यावे! विमलला पाटावर बसवून, ओटीत घालून, सगळ्यांदेखत खायला लावले. पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले की फळ बाहेरून झपाट्याने फुगते आणि आत आठळी फुटते. दिसायला देखणे, देठाशी चीर, आत मुंग्या. तसेच ते निघाले. अशी माणसेही मी नात्यात पाहिली आहेत, नावे लिहीत नाही. विमलने मुंग्या फुंकल्या आणि फळ खाल्ले. माधवराव तिथेच उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

वर्ष गेले, काही झाले नाही. मग कमळाबाईंनी जाहीर केले, "हिची छाया पडते म्हणून फळ गळतं. फुलोऱ्यात हिला बागेत मोकलू नका." माधवराव गेले तेव्हा हेच वाक्य थोडे बदलून पुन्हा बोलल्या. मला त्याचा फार राग आला होता, अजून आहे. फळ थंडी कमी पडते म्हणून गळते. माझा मुलगा काविळीने गेला. विमलचा यात काडीइतकाही दोष नाही, आणि हे मी स्थिर बुद्धीने, साक्षीदारांसमक्ष लिहीत आहे.

५. कुदळ, झारी, छाटणीची कात्री व कलमाचा चाकू ही अवजारे हसमुखभाईंना द्यावीत. चिकूला वापरावीत.

६. एका झाडाच्या एकाच फांदीला बिनलवीची, तुळतुळीत तांबडी फळे लागतात. बाकीच्या फांद्यांना लव असलेली. मूळ तेच, खोड तेच. असले लहरी प्रकार या फळात होतात. जयवंतराव म्हणाले, "रोग आहे, कापून टाका, नाहीतर बाकीच्यांना लागेल." विमल एवढेच म्हणाली, "राहू द्या ना, भाऊजी. गोड आहे." फांदी आहे अजून.

७. मुख्य गोष्ट. जयवंतरावांचा विचार असा की माझ्यामागे छाणीची जमीन बांधकामाला द्यावी आणि विमलला पादरा गावी तिच्या भावाकडे पाठवावे. त्या भावाने नऊ वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलेले नाही. म्हणून रावपुऱ्याचे घर, छाणीची जमीन व पोस्टातील शिल्लक मी श्रीमती विमल माधवराव भोईटे हिला देते.

हे ऐकून जयवंतराव म्हणाले, "बरं, आईसाहेब, मग हयातीपुरतं तरी लिहा. ती आहे तोवर राहील. तिच्यामागे कोण आहे?" विधवेला असेच देतात, खायला-राहायला, मोजून. मी नको म्हटले. पूर्ण मालकीने द्यायचे आहे. तिने विकावे, दान करावे, भाड्याने द्यावे. झाडे राखण्याचे तिच्यावर बंधन नाही. सुकली तर सुकू द्यावीत, तोडली तर तोडावीत, चिकू लावले तर उत्तम. दुसऱ्या दिवशी कुलूप लावून ती कुठे निघून गेली, पुन्हा संसार मांडला, तरी कोणी जाब विचारू नये. चाळिशी नुकती ओलांडली आहे तिने. डिसेंबरात पाने ओरबाडून रात्री बोटांना तेल लावत बसते, ते मी पाहते. तीही थकली आहे.

८. दत्तात्रेय वकिलांनी मसुदा वाचून दाखवला आणि विचारले, "मासाहेब, एक रकाना रिकामा राहतो. विमलताईंच्या पश्चात कोणाला?"

मी सांगितले, ते तिला विचारा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला कोणी काही विचारलेले नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

इंदिराबाई फत्तेसिंहराव भोईटे

मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यासमक्ष सही केली. आम्ही त्यांच्यासमक्ष केली.
साक्षीदार १. डॉ. बाळकृष्ण गोविंद राजाध्यक्ष, रावपुरा (प्रकृती तपासली, शुद्धीवर आहेत)
साक्षीदार २. निरुपमा श्रीपतराव मोहिते, शिक्षिका, शेजारी

बडोदे, दि. ११ फेब्रुवारी १९८४